स्नॅग रजिस्टर

"लिनक्सवर वाय-फाय चालत नाही," हे वाक्य गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत मी तीन जणांकडून ऐकले. एक दुकानदार, दुसरे आमचे घरमालक आणि तिसरा माझा मावसभाऊ, जो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पावसाळ्यात आंबोलीला ऊन पडत नाही, हे आपल्याकडे जितक्या खात्रीने सांगतात तितक्याच खात्रीने तिघे बोलले. पडते की. मधूनच पडते, फक्त त्या वेळी तिथे उभे असावे लागते.

आमचे घर सध्या बंगळूरच्या हेब्बाळमध्ये आहे. विमानतळाकडे जाणारा बेळ्ळारी रोड इथूनच जातो, शेजारी मोठे तळे आहे, आणि इथल्या उड्डाणपुलावरच्या गर्दीची ख्याती बंगळूरच्या बाहेरही पोचलेली आहे. हवाई दलाच्या ट्रेनिंग कमांडचे मुख्यालय हेब्बाळलाच. माझे पप्पा हवाई दलात विमानांचे रेडिओ दुरुस्त करतात, म्हणजे करायचे. २४ वर्षांची नोकरी संपवून ते ३१ जानेवारीला निवृत्त होणार होते.

निवृत्त होणाऱ्या जवानाच्या घरात शेवटच्या दोन महिन्यांत काय चालते, हे आपल्या शाळेत बऱ्याच जणांना माहीत असेल. फॉर्म. एकामागून एक फॉर्म. फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत, अनुभवाचा दाखला पीडीएफमध्ये, आणि सगळे भरून झाले की पान पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पप्पा हे सगळे मोबाइलवर करत होते. चष्मा कपाळावर, मोबाइल नाकाजवळ. एका नोकरीच्या अर्जाची शेवटची तारीख २७ डिसेंबर होती आणि तो अर्ज मोबाइलवर दोनदा अर्ध्यात बंद पडला होता.

घरात एक जुना डेस्कटॉप होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यावर लिनक्स मिंट २१ बसवले होते, कारण आधीची प्रणाली चालू व्हायला इतका वेळ घ्यायची की आई तेवढ्यात कणीक मळून घ्यायची. मिंट झकास चालत होते. पण इंटरनेट घरमालकांच्या राउटरवरून येणार, राउटर खालच्या मजल्यावर, आणि भिंतीला भोक पाडून केबल आणायला त्यांचा नकार. मोबाइलचा डेटा रोज दीड जीबी, तोही पप्पांबरोबर ड्यूटीवर जाणारा. म्हणून एस. पी. रोडवरून, म्हणजे बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, नखाएवढा यूएसबी वाय-फाय अडॅप्टर आणला. खोक्यावर 'लिनक्स सपोर्ट' असे छापले होते. दुकानदार मात्र पैसे घेताना म्हणाला, "लिनक्स? चालणार नाही." खोके एक बोलत होते, विकणारा दुसरे.

अडॅप्टर लावला. वाय-फायची यादी आलीच नाही. उलट डेस्कटॉपवर एका सीडीचे चित्र उमटले.

इथे ज्युनियर कॅडेट्ससाठी थोडे थांबतो. ड्रायव्हर म्हणजे काय? आईला कन्नड येत नाही आणि हेब्बाळच्या भाजीवाल्या अज्जीला मराठी येत नाही. माझी धाकटी बहीण दोन्ही बोलते. ती बरोबर असली की कोथिंबिरीची जुडी मिळते, नसली की दोघी एकमेकींकडे बघून हसतात. ड्रायव्हर ही ती बहीण. संगणकाचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात (आपल्या कर्नलसाहेबांशी त्याचा काही संबंध नाही), आणि बाहेरून लावलेली वस्तू, या दोघांमधला दुभाषी.

पप्पा ड्यूटीवरून आले. मी सगळे सांगितले. त्यांनी बूट काढता काढता एकच विचारले, "दिवा लागतो का?"

"लागतो."

"म्हणजे पॉवर आहे. पुढं?"

मग ते उठले, १०० पानी वही काढली आणि पट्टीने रकाने आखले: तारीख, वेळ, स्नॅग, काय केले, काय झाले, सही. स्नॅग म्हणजे बिघाड; हवाई दलात हाच शब्द. विमानाची प्रत्येक दुरुस्ती फॉर्म ७०० मध्ये लिहिल्याशिवाय आणि सही केल्याशिवाय ते उडत नाही. "सही कशाला?" मी विचारले. "सही करायची म्हटली की माणूस खरं तेवढंच लिहितो," पप्पा म्हणाले. आईने स्वयंपाकघरातून विचारले, "अहो, तो सुट्टीला आलाय की ड्यूटीवर?"

पप्पांचे नियम दोनच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि अर्ध्यात तोडायचे. दुसऱ्या नियमाचा अर्थ असा: राउटरपासून स्क्रीनपर्यंत समजा आठ टप्पे आहेत, तर पहिल्यापासून एकेक तपासत बसायचे नाही. मधोमध बघायचे. तिथपर्यंत ठीक असेल तर बिघाड पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. मग उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. आठ टप्प्यांचे काम तीन तपासण्यांत होते. हे मी गणिताच्या तासाला शिकलो असतो तर विसरलो असतो.

मधोमध म्हणजे इथे कुठे? संगणकाला यूएसबीवर काय दिसते, ते. त्यासाठी 'एलएसयूएसबी' ही कमांड आहे. प्रत्येक यूएसबी वस्तूला एक ओळख क्रमांक असतो, दोन भागांचा: पहिला भाग कंपनीचा, दुसरा वस्तूचा. आपल्या रोल नंबरसारखे, आधी हाऊस, मग नंबर. आमच्या अडॅप्टरचा दुसरा भाग '१ए२बी' होता आणि पुढे स्पष्ट लिहिले होते, डिस्क. म्हणजे अडॅप्टर मी वाय-फाय आहे असे सांगतच नव्हता. तो मी सीडी आहे असे सांगत होता!

याला कारण आहे आणि ते फार वाईट नाही. आजकाल बहुतेक संगणकांना सीडीचा खण नसतो. म्हणून काही उत्पादक ड्रायव्हरची फाईल अडॅप्टरच्याच पोटात ठेवतात. लावल्यावर तो आधी सीडीचे सोंग घेतो, विंडोजवर त्यातून ड्रायव्हर बसतो, आणि मग सोंग टाकून तो वाय-फाय होतो. लिनक्सला ती विंडोजची फाईल उपयोगाची नाही. सोंग उतरवायला एक छोटा प्रोग्राम असतो, पण त्याहून सोपे म्हणजे त्या सीडीच्या चित्रावर उजवी क्लिक करून 'इजेक्ट' म्हणायचे. मी म्हटले. पुन्हा 'एलएसयूएसबी'. क्रमांक बदलला होता: 'सी८११'. वाय-फाय अडॅप्टर.

नोंद क्रमांक ३, सही.

तरीही यादी रिकामीच. आता मागचा अर्धा सुटला होता, पुढचा राहिला होता. 'डीमेसेज' ही कमांड म्हणजे कर्नलचे स्वतःचे स्नॅग रजिस्टर. कोणती वस्तू कितव्या सेकंदाला लागली, कोणी तिचा ताबा घेतला, सगळे ओळीओळीने लिहिलेले. पप्पांना ते फार आवडले. त्यात लिहिले होते की वस्तू आली, ओळखली गेली. ताबा मात्र कोणत्याच ड्रायव्हरने घेतला नव्हता. भाजीवाल्या अज्जी हजर, आई हजर, बहीण शाळेत.

बहीण कुठे होती, तेही कळले. आमचा कर्नल ५.१५ होता, ऑक्टोबर २०२१ चा. या चिपकुटुंबाचा 'आरटीडब्ल्यू८८' नावाचा ड्रायव्हर त्यात होता, पण यूएसबीवरून बोलणारा त्याचा भाग कर्नल ६.२ मध्ये आला, फेब्रुवारी २०२३ ला. आमचा संगणक त्या आधीच्या काळात राहत होता, एवढेच.

खोक्यातल्या सीडीवर उत्पादकाने लिनक्ससाठी दिलेला कोडही होता. शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर सीडी उघडून तो आणला. तो आमच्या कर्नलपेक्षाही जुन्या कर्नलसाठी लिहिलेला होता. बांधायला घेतल्यावर पानभर चुका आल्या. यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, निदान मला ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटते. लिनक्सचा कर्नल आतून सतत बदलत असतो. जो कोणी आतली एखादी पद्धत बदलतो, त्यानेच ती पद्धत वापरणारे कर्नलमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे, असा तिथला रिवाज आहे. त्यामुळे जो ड्रायव्हर कर्नलच्या आत आहे, त्याला सगळे मिळून पुढे नेतात. जो बाहेर आहे, त्याची काळजी फक्त त्याच्या मालकाला. मालकाने लक्ष काढले की तो मागे पडतो. रूट मार्चमध्ये प्लॅटूनबरोबर चालणारा आणि एकटा चालणारा यांच्यात जो फरक, तोच.

अमेरिकेतल्या एका माणसाने मात्र बाहेर राहिलेल्यांसाठी वेगळी सोय केली होती. लॅरी फिंगर त्यांचे नाव. नवा 'आरटीडब्ल्यू८८' जुन्या कर्नलवर चालावा म्हणून त्यांनी त्याची एक प्रत जुळवून ठेवली होती, कोणीही घ्यावी अशी. मी पप्पांचा मोबाइल केबलने डेस्कटॉपला जोडला; अँड्रॉइड फोन असा जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केले की कसलाही ड्रायव्हर न शोधता नेट मिळते. वाय-फायच अडले असेल तेव्हा ही युक्ती लक्षात ठेवा, कारण ड्रायव्हर उतरवायला नेट लागते आणि नेटला ड्रायव्हर लागतो, या चक्रातून बाहेर यायची हीच वाट. कंपायलर आणि कर्नलच्या हेडर फाईली उतरवल्या, कोड उतरवला, 'मेक' म्हटले. जुना प्रोसेसर पंख्यासकट घुमायला लागला. मग 'मॉडप्रोब'. दोन सेकंद काही नाही, आणि मग कोपऱ्यातल्या यादीत घरमालकांच्या राउटरचे नाव, त्याखाली समोरच्या इमारतीतली सात-आठ नावे.

आई बघायला आली. "एवढ्यासाठी तीन दिवस?" म्हणाली. पण हसत होती.

रात्री मी लॅरी फिंगर यांच्याविषयी वाचून पप्पांना सांगितले. २००५ पासून ते लिनक्सच्या वायरलेस ड्रायव्हरवर काम करत होते. सुरुवात झाली ब्रॉडकॉमच्या चिपपासून. त्या चिपची आतली माहिती प्रसिद्धच नव्हती, म्हणून त्या प्रकल्पात एका गटाने चिप कशी वागते हे तपासून लिहून काढले आणि दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे न बघता फक्त त्या लिखाणावरून नवा लिहिला. पुढे फिंगर यांनी कर्नलमध्ये दीड हजारांहून जास्त सुधारणा दिल्या, पोटापाण्याचे काम म्हणून नव्हे, हौसेने. त्यांच्या हातून चालू झालेले बहुतेक अडॅप्टर आमच्यासारखेच होते: स्वस्त, छोटे, गरजेपोटी विकत घेतलेले. २१ जून २०२४ ला ते वारले. त्यांच्या पत्नीने बरोबर काम करणाऱ्यांना कळवले. म्हणजे मी त्यांचा कोड बांधला तेव्हा त्यांना जाऊन सहा महिने झाले होते.

पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रजिस्टरमध्ये त्यांचं नाव लिही. काम कुणी केलं, त्या रकान्यात."

असा रकाना नव्हता. त्यांनी आखला.

त्या रात्री ते थोडे जास्त बोलले. त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांत काही रेडिओ सेट उघडता यायचे. झाकण काढायचे, सर्किटचा नकाशा पुढ्यात घ्यायचा, बिघडलेला भाग शोधायचा. पुढे बंद पेट्या आल्या. पेटी काढायची, दुसरी लावायची, बिघडलेली पाठवून द्यायची. काम पटकन होते, विमान लवकर उडते, त्यात गैर काही नाही. "पण आत काय झालंय ते कधी कळत नाही," ते म्हणाले. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी उबंटूवर आधारलेली 'माया' ही प्रणाली घ्यायचे ठरवल्याच्या बातम्या आल्या होत्या. सी-डॅकची 'बॉस' तर २००७ पासूनची. आपली प्रणाली आपल्याला उघडून वाचता यावी, ही गरज फौजेला का वाटते, ते मला त्या बंद पेट्यांच्या गोष्टीवरून कळले. अर्थात, आमचा अडॅप्टर काही पूर्ण उघडा नाही. चिपच्या आत चालणारे फर्मवेअर ही उत्पादकाने दिलेली बंद फाईलच आहे. ड्रायव्हर वाचता येतो, चिपच्या मनात काय आहे ते वाचता येत नाही.

जुळवून बसवलेल्या ड्रायव्हरची एक अडचण होती: कर्नल बदलला की तो पुन्हा बांधावा लागतो. मी जानेवारीत बेळगावला परत येणार, मग बांधणार कोण? म्हणून अपडेट मॅनेजरमधून कर्नल ६.८ घ्यायचे ठरवले. त्यात हा ड्रायव्हर आतच आहे. ते उतरवायला लावले, नव्या वाय-फायवरूनच, आणि पप्पा व मी फिरायला गेलो.

हेब्बाळमध्ये एका छोट्या मंडपात एक वीरगळ आहे. किट्टय्या नावाच्या योद्ध्याचा, सुमारे इ. स. ७५० चा, गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातला. बंगळूर परिसरातल्या सर्वांत जुन्या कन्नड शिलालेखांपैकी तो एक. २०१८ साली खोदकामात सापडला. हेब्बाळचे तेव्हाचे नाव पेर्बोळल. किट्टय्या 'रट्टवाडी'च्या हल्ल्याशी लढताना पडला, असे त्यावर कोरले आहे. रट्टवाडी म्हणजे राष्ट्रकूट. "म्हणजे हल्ला करायला आपल्याकडचेच आले होते," पप्पा म्हणाले, आणि तिथल्या एका आजोबांनी नमस्कार केला तेव्हा त्यांनी जरा जास्तच वाकून नमस्कार केला. मिथिक सोसायटीने बंगळूरच्या शिलालेखांचे त्रिमिती स्कॅन केले आहेत, त्यात झिजलेली अक्षरेही वाचता येतात.

घरी आलो तर कर्नल अर्धाच उतरला होता. वाय-फाय तुटले होते. पुन्हा जोडले, पाच मिनिटांत पुन्हा तुटले. कसेबसे उतरवून ६.८ वर गेलो, ड्रायव्हर आपोआप लागला, नेट आले, आणि तेही दर थोड्या वेळाने जात राहिले. तारीख २६ डिसेंबर. नवा ड्रायव्हर आणि जुना ड्रायव्हर, दोन्हींवर तोच स्नॅग.

"दोन्हींवर तोच म्हटल्यावर ड्रायव्हर नव्हे," पप्पा म्हणाले. आता ते स्वतः खुर्चीवर बसले. सिग्नलचा आकडा बघायला सांगितला: उणे ७८ डीबीएम. मग ते खाली वाकून डेस्कटॉपच्या मागे बघत राहिले. अडॅप्टर मागच्या खाचेत होता. एका बाजूला लोखंडी पेटी, दुसऱ्या बाजूला भिंत, वर तारांचा गुंता. त्याची अँटेना त्या नखाएवढ्या प्लास्टिकच्या आतच. "अँटेना पत्र्याच्या मागं लपवून ठेवलीस तर ती काय ऐकणार?" त्यांनी त्यांच्या खणातून मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल काढली. खिडकीच्या गजापर्यंत ती पुरली. आईच्या दोरीवरचा कपड्यांचा चिमटा घेऊन अडॅप्टर गजाला अडकवला, राउटर ज्या बाजूला आहे त्या कोपऱ्यात.

उणे ६१.

१७ डेसिबलचा फरक म्हणजे ताकद जवळजवळ ५० पट, हे पप्पांनी कागद न घेता सांगितले. त्यानंतर नेट तुटले नाही.

त्या रात्री अर्ज भरला. 'अनुभवाचे स्वरूप' या चौकटीत पप्पांनी आधी एकच ओळ लिहिली होती: रेडिओ दुरुस्ती, २४ वर्षे. मी म्हटले, एवढेच कसे? अर्ध्यात तोडून बिघाड शोधणे, नोंदी ठेवणे, ज्युनियरांना शिकवणे, हे कुठे आहे? ते म्हणाले, हे कामच आहे, ते वेगळे काय लिहायचे. बराच वाद झाला. शेवटी चौकटीत ५०० अक्षरे बसतात आणि आम्ही ४९१ लिहिली. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी अर्ज जमा झाल्याची पावती छापून निघाली. मुलाखतीचे पत्र फेब्रुवारीत आले.

मार्चच्या पत्रात पप्पांनी लिहिले आहे की कर्नलचे दोन अपडेट येऊन गेले, अडॅप्टर चालू आहे, आईने चिमटा परत मागितला म्हणून आता तार बांधली आहे. नोंद क्रमांक १४. सही त्यांची.